काळी, पांढरी आणि माळवद

बिऱ्हाड बदलावयाचें ठरलें म्हणजे आपल्या शहरी घरांत पहिला प्रश्न निघतो तो हवेचा. तेथली हवा मानवेल काय, उन्हाळा फार कडक तर नाहीं ना, मुलांना बाधणार तर नाहीं ना? निवड करण्याची ऐपत असली म्हणजे हे प्रश्न शोभतात. १८२८ सालीं मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माल्कम यानें महाबळेश्वरास वसाहत मांडली ती याच ऐपतीच्या जोरावर. परंतु नांदेड आणि लातूर या बाजूच्या माणसानें गांव वसवितांना हवेचा विचार केला होता काय, आणि केला असल्यास कोणत्या रीतीनें, हें आज पाहावयाचें आहे.

मे महिन्यांत नांदेडचा पारा चाळीस अंशांच्या वर सहज जातो आणि कित्येक दिवस तेथेंच मुक्काम करतो. लातूर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशें मीटर उंच. म्हणून तेथल्या रात्री थोड्या सुखाच्या. फरक काय तो एवढाच. असें असूनहि येथें वस्ती फार पुरातन. राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांतून स्वतःस लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवितात, आणि हें लट्टलूर म्हणजे आजचें लातूर असें बहुतेक अभ्यासक मानतात. नवव्या शतकांत अमोघवर्षाची राजधानी मान्यखेटास होती. मूळ गांव बिरुदांत तेवढें राहिलें. नांदेड जिल्ह्यांतील कंधार येथें याच घराण्याच्या काळीं जगत्तुंग नांवाचा विस्तीर्ण तलाव झाला. राजांनीं सुद्धां थंडावा शोधला नाहीं, पाणी अडविलें! गुरु गोविंदसिंग १७०८ सालीं गोदावरीकाठीं नांदेडास आले आणि त्याच वर्षीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें. पुढें पंजाबांतून येऊन जीं कुटुंबें येथें पिढ्यान्‌पिढ्या राहिलीं, तीं नांदेडची हवा आवडली म्हणून खास नव्हे.

पाणी, जमीन आणि श्रद्धा यांनीं गांव ठरविलें. हवा ज्यानें त्यानें सोसावयाची. त्यांतहि पाणीच रुसलें तर कोणती दशा होते तें लातूरकरांनीं २०१६ सालीं पाहिलें. मांजरा धरण आटलें आणि एप्रिल महिन्यांत तीनशें मैलांच्या नसल्या तरी दोनशें मैलांवरच्या मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस पांच लाख लिटर पाणी आलें, तेव्हां तें पाहावयास स्थानकावर गर्दी लोटली.

हवेशीं झगडा झाला तो गांव निवडतांना नव्हे, घर बांधतांना. आपल्या भाषेंत गांवच्या जमिनीचे दोन भाग फार जुने आहेत. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. काळी माती ज्वारीस आणि कापसास उत्तम. पण ती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत तडकते, म्हणून तिच्यावरचें घर धड राहत नाहीं. पांढरी अशी फुगत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं ही पांढरी म्हणजे मागल्या वस्त्यांच्या पडलेल्या भिंती, राख आणि केरकचरा यांचें शतकानुशतकें सांचलेलें टेकाडच असतें. म्हणून पुराणवस्तुसंशोधक गांवांत शिरला कीं आधीं पांढरी धुंडाळतो. पणज्याच्या पडक्या भिंतीची माती पणतवाच्या डोक्यावर छत होऊन बसते, असा हा प्रकार आहे.

तें छत म्हणजे माळवद. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर फूट-दीड फूट पांढरी माती. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घर केवढें तें खणांवरून सांगावयाचें. पावसाळ्यापूर्वीं वर नवी माती टाकून चोपावयाची. त्यामुळें बापाच्या काळचें छत लेकाच्या काळीं अधिकच जाड आणि जड होई. भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच फूट रुंद. दुपारचें ऊन या मातींत मुरतें, तें आंत उतरेपर्यंत दिवस मावळतो, आणि तोंवर माणसें अंथरुणें घेऊन माळवदावर गेलेलीं असतात. यंत्र नाहीं, वीज नाहीं! महाबळेश्वरीं जाऊन जो गारवा विकत घ्यावयाचा, तो या लोकांनीं घरच्या घरीं मातींतून काढला होता. मला तर ही युक्ति कोणत्याहि राजवाड्याहून मोठी वाटते, आणि म्हणूनच पुढची हकीकत सांगतांना जीभ अडखळते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छपन्न मिनिटांनीं, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. गणपति बोळवून गांवें झोपलीं होतीं. ऋतु पावसाचा, म्हणून माणसें माळवदावर नव्हतीं, माळवदाखालीं होतीं. लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. १९९२ सालीं किल्लारीस धक्के बसले होते खरे. पण नकाशांत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. भिंतींना आंतला आणि बाहेरला असे दोन थर, मध्यें गोटे आणि माती. दोन्ही थरांस सांधणारे लांब दगड बहुधा नसत. धक्क्यानें थर फांकले आणि वर्षानुवर्षें चढविलेली माती खालीं आली. जेथें लाकडी खांबांनीं छत तोललें तेथें माणसें निभावलीं. गवताच्या झोपड्यांत राहणारे गरीब पुष्कळसे वांचले; दगडी घरांतले सुखवस्तु गाडले गेले. उन्हापासून राखणारी जाडीच जिवावर उठली.

त्यानंतर बावन्न गांवें संपूर्णपणें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. जमिनीच्या मानानें अडीचशें, साडेचारशें किंवा साडेसातशें चौरस फुटांचीं घरें मिळालीं. सरळ आंखलेले रुंद रस्ते आले. पांढरी मागें राहिली. आसपासच्या गांवांतूनहि माळवदाची भीति शिरली आणि ठिकठिकाणीं त्याच्या जागीं पत्रा चढला. पत्रा हलका, पडला तरी माणूस मरत नाहीं. पण वैशाखांत त्याखालीं बसवत नाहीं. भूकंप जन्मांत एकदां, न जाणो, येईलहि आणि न येईलहि. ऊन मात्र दरसाल येतें. यांतलें कोणतें भय मोठें, हें ज्यांनीं ती पहाट पाहिली त्यांना आपण शहरांत बसून सांगणें बरें नव्हे. लाकडी खांबांचा सांगाडा पक्का ठेवून, भिंतींत सांधणारे दगड घालून आणि वरची माती कमी करून माळवद राखतां येतें, असें तज्ज्ञ त्या वेळीं सांगतच होते, आणि कांहीं घरांची तशी दुरुस्तीहि झाली. पण विश्वास कांहीं दुरुस्त होत नाहीं. घर सिमेंटचें, निजावयाचें तेथें. आणि दुपारीं टेकावयाचें तें अंगणांत घातलेल्या छपराखालीं, अशी नव्या वस्तींतल्या पुष्कळांनीं आपली सोय लावून घेतली.