अकरा नंबरचा बावटा

जयपूर शहर समुद्रापासून इतके दूर आहे, की येथे बदलून आलेल्या कोकणी माणसास पहिले काही महिने हवेचा कोरडेपणाच अधिक जाणवतो. तथापि वाऱ्याचा अभ्यास या शहराला परका नाही. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेल्या जंतरमंतर वेधशाळेतील सम्राट यंत्रावर आषाढी पौर्णिमेस सूर्यास्ताच्या सुमारास येथील ज्योतिषी चढतात, ध्वज धरून वाऱ्याची दिशा पाहतात आणि तीवरून पुढील पावसाचे भाकीत करतात. या वायुपरीक्षेचे शास्त्रीय मूल्य काय, हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. तिच्या निमित्ताने एक भेद मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. भाकीत म्हणजे पुढे काय होणार याचे कथन. ते ऐकणाऱ्याने नुसती मान डोलावली तरी चालते. इशारा हा कोणाला तरी उद्देशून असतो, आणि तो ऐकल्यावर त्या माणसाने काही तरी करावयाचे असते. चक्रीवादळांच्या इशाऱ्यांचा आपल्या देशातील इतिहास पाहू गेल्यास असे दिसते, की वादळ ओळखण्याची विद्या लवकर आली. पण इशारा ऐकून हालचाल करण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरावयास त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे लागली.

'सायक्लोन' हा शब्द मुळी कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन हा एके काळचा दर्यावर्दी तेथील सागरी चौकशी न्यायालयाचा अध्यक्ष होता. वादळे वर्तुळाकार फिरतात, हा पाश्चात्त्य अभ्यासकांचा सिद्धान्त त्याने जहाजांच्या नोंदवह्या तपासून बंगालच्या उपसागरास लावून पाहिला, आणि १८४८ साली वेटोळे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव घडविले. कलकत्त्यास पर्याय म्हणून मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचा बेत सरकारने केला, तेव्हा १८५३ साली त्याने गव्हर्नर जनरल डलहौसी यास जाहीर पत्र लिहून कळविले, की एखाद्या चक्रीवादळात समुद्र चढून येईल आणि ही जागा धुऊन काढील. पत्राचा उपयोग झाला नाही. १८५८ साली पिडिंग्टन वारला. पोर्ट कॅनिंग उभे राहिले. १८६७ च्या वादळात समुद्र खरोखरच चढून आला आणि काही वर्षांतच ते बंदर सोडून द्यावे लागले. भाकीत अक्षरशः खरे ठरले, पण इशारा म्हणून ते वाया गेले. कारण त्या पत्रावर कार्यवाही करणे हे कोणत्याच अधिकाऱ्याचे काम नव्हते.

मधल्या काळात, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, कलकत्त्यावर जे वादळ कोसळले, त्यात सुमारे पन्नास हजार माणसे दगावली. देशात तारायंत्र येऊन दहा वर्षे झाली होती. परंतु वादळाची वर्दी तारेने पुढे धाडावी अशी व्यवस्थाच नव्हती. ती १८६५ साली कलकत्ता बंदरापुरती झाली. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. १८८० साली पश्चिम किनाऱ्यासाठी अशीच योजना निघाली आणि तीत मुंबई व कराचीबरोबर रत्नागिरी आणि वेंगुर्ले यांचाही समावेश झाला. १८८६ पर्यंत देशातील सर्व बंदरे या व्यवस्थेत आली, व १८९८ साली सर्वत्र एकच संकेतपद्धती सुरू झाली. कोकणात जिला 'बावटा लागला' असे म्हणतात, ती हीच. वस्तुतः तो बावटा नसतो. दिवसा डोलकाठीवर शंकू व नळकांड्याच्या आकाराच्या खुणा चढवितात आणि रात्री तांबडे व पांढरे दिवे लावतात. एक व दोन नंबर दूरच्या वादळाचे, तीन व चार स्थानिक सावधगिरीचे, पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे. अकराव्याविषयी पुढे सांगेन.

या व्यवस्थेत एक उणीव होती. बावटा दिसे तो बंदरातील माणसास. भर समुद्रात असलेल्या बोटीस तो कोठून दिसणार? नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेली 'वैतरणा' ही बोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. तिच्यावर सातशेहून अधिक माणसे होती. गुजरातेत तिला विजेच्या दिव्यांमुळे 'वीजळी' म्हणत. चौकशीत बोटीवरील जीवरक्षक साधने अपुरी असल्याचे आढळले. बिनतारी संदेशाचा शोध अद्याप लागावयाचा होता, हे खरे. पण तो लागून अर्धशतक लोटले, तरी १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, आणि सहाशेहून अधिक माणसे गेल्याची वार्ता मुंबईस कळली ती पोहून आलेल्यांच्या तोंडून. ते चक्रीवादळ नव्हते, पावसाळी तुफान होते. तथापि शास्त्र कोठे पोहोचले होते आणि बोट कोठे होती, यांतील अंतर त्या सकाळी दिसले.

शास्त्राची प्रगती मात्र खंडित झाली नव्हती. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय कलकत्त्याहून सिमल्यास गेले, तेथून १९२८ साली पुण्यास आले व १९४४ साली दिल्लीस हलले. पुण्यातील त्या इमारतीला लोक 'सिमला ऑफिस' म्हणू लागले आणि पुढे तेथील चौकालाही तेच नाव पडले. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आपल्यासारख्यांना या नावाचे हसू यावे आणि थोडी आपुलकीही वाटावी. १९७० साली विशाखापट्टणम येथे वादळ हेरणारे रडार बसले. पुढे उपग्रह आले, आणि ऐंशीच्या दशकात इन्सॅटमार्फत किनाऱ्यावरील ठाण्यांत स्थानिक भाषेत थेट इशारा देण्याची सोय झाली.

तरीही माणसे मरतच राहिली. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्रातील दिविसीमा भागात समुद्राची लाट गावांवरून गेली आणि दहा हजारांहून अधिक माणसे मेली. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर महाचक्रीवादळ आले, तेव्हाही मृतांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. वादळ येत आहे हे ठाऊक होते. पण लक्षावधी लोकांनी जावे कोठे, याचे उत्तर नव्हते. पक्के निवारे मोजकेच होते. हा दोष केवळ आपलाच होता असे नव्हे. १९०० साली अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन बेट वादळाने उद्ध्वस्त झाले, त्यापूर्वी क्यूबातील अनुभवी निरीक्षकांच्या अनुमानांकडे अमेरिकन हवामान खात्याने दुर्लक्ष केले होते. त्याची किंमत किमान सहा हजार जीवांनी मोजली.

ओडिशाने १९९९ नंतर जे केले, ते या इतिहासातील खरे वळण होय. त्याच वर्षी राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापिले, किनाऱ्यावर शेकडो निवारे बांधले, आणि गावोगाव कोणी कोणाला उठवून कोठे न्यावयाचे, हे आधीच ठरवून त्याचा सराव सुरू केला. २००५ साली केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि पुढील वर्षी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' आले तेव्हा सुमारे अकरा लाख माणसे आधीच हलविली गेली, आणि मृतांचा आकडा हजारांवरून दहांवर आला. २०१९ च्या 'फनी'च्या वेळीही बारा लाखांच्या आसपास लोक हलविण्यात आले.

आज हवामान खाते चार टप्प्यांनी सूचना देते : किमान ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, २४ तास आधी वादळाचा इशारा, आणि सुमारे १२ तास आधी, वादळ जमिनीवर आल्यानंतर काय होईल याचा अंदाज. तो कागद दिल्लीहून राज्याकडे, राज्याकडून जिल्हाधिकाऱ्याकडे, तेथून तहसीलदार, तलाठी व सरपंच यांच्यापर्यंत उतरतो. टपालात रोज असंख्य कागद पाहणाऱ्या आपणांस हे सांगावयास नको, की कागद उतरतो तितक्याच वेगाने जबाबदारी उतरतेच असे नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेस धडकले, तेव्हा साथीच्या धामधुमीतही लोक वेळेवर हलविले गेले. श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पण माणसे वाचली. पुढच्याच वर्षी 'तौक्ते' आले. त्याचा इशारा कित्येक दिवस आधी मिळूनही तेलक्षेत्रातील 'पी ३०५' हा तराफा मुंबईजवळच्या समुद्रातच नांगरलेला राहिला, नांगर तुटले, आणि त्यावरील २६१ जणांपैकी साठांहून अधिक बुडाले. एकाच किनाऱ्यावर वर्षभराच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना शेजारी ठेवल्या, म्हणजे फरक शास्त्राचा नव्हता हे उघड होते.

जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' कच्छमधील जखाऊजवळ जमिनीवर आले. गुजरातेत लाखभर लोक आधीच हलविले गेले होते. वाऱ्याचा जोर ओसरल्यावर ते राजस्थानात शिरले, आणि बाडमेर, जालोर, सिरोही या जिल्ह्यांत, जेथे समुद्र कोणी पाहिलेला नाही तेथे, पूर आले. तेव्हा समुद्रापासून दूर असलेल्या कचेरीतही वादळाची तार आपल्याच नावे येऊ शकते.

आता अकराव्या नंबराविषयी. त्याचा अर्थ असा : हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे, आणि हवा बिघडण्याचा धोका आहे असे बंदरावरील अधिकाऱ्याचे स्वतःचे मत झाले आहे. बाकीचे दहा संकेत वरून आलेल्या हुकमाने लागतात. हा एकच त्या माणसाने स्वतः आभाळाकडे पाहून, आपल्या विवेकाने लावावयाचा. ज्या कोणी १८९८ च्या सुमारास ही संहिता रचली, त्यांना सरकारी यंत्रणा कधी तरी थांबते हे ठाऊक होते, आणि त्या घटकेसाठी त्यांनी कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हातीही एक खूण देऊन ठेवली. आपल्यापैकी प्रत्येकाच्या मेजावर केव्हा ना केव्हा असा प्रसंग येतो, की वरून तार येत नाही आणि खिडकीबाहेर आभाळ काळवंडलेले दिसत असते. अशा वेळी डोलकाठीवर खूण चढविण्याचा अधिकार आपल्यास आहे, एवढे तरी आपण विसरू नये.