अखरनाथाचा अमरबेद

ग्रंथकाराने स्वतः घडवलेल्या शब्दांचे भाषांतर कसे करावे, हा प्रश्न अद्‌भुतकथेच्या भाषांतरकारास जितका छळतो तितका अन्य कोणास छळत नसेल. रूढ शब्दाला कोशाचा आधार असतो. घडवलेल्या शब्दाला त्याच्या कर्त्यावाचून दुसरा आधार नाही. इंग्रज ग्रंथकार टोल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही दीर्घ अद्‌भुतकथा १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिची डच व स्वीडिश भाषांतरे लवकरच निघाली. त्यांत आपल्या नावांची झालेली दशा पाहून टोल्किन अस्वस्थ झाले व पुढे त्यांनी भाषांतरकारांसाठी नावांचे एक टिपणच तयार केले. ते १९७५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, छापले गेले. त्यांचा नियम थोडक्यात असा : जी नावे इंग्रजी शब्दांपासून घडली आहेत त्यांचा अर्थ भाषांतराच्या भाषेत आणावा, जी कल्पित भाषांतली आहेत ती जशीच्या तशी ठेवावीत.

नियम सोयीचा आहे यात शंका नाही. परंतु मूळ भाषा आणि भाषांतराची भाषा एकमेकींच्या शेजारणी असतील, तर तो कितपत पुरतो? याची परीक्षा पाहण्यास विलायतेपर्यंत जावयास नको. बीदरची एक अद्‌भुतकथा त्यासाठी पुरेशी आहे.

बहमनी राज्याची स्थापना १३४७ मध्ये झाली. तिची राजधानी प्रथम गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, ही होती. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहा वली याने ती बीदरला नेली. त्याच सुमारास फख्रुद्दीन निजामी या कवीने दखनी भाषेत एक मसनवी रचली. ‘कदमराव पदमराव’ या नावाने ओळखली जाणारी ही रचना दखनीतील सर्वांत जुन्या उपलब्ध मसनव्यांपैकी एक होय. तिचे एकच हस्तलिखित ज्ञात असून तेही अपूर्ण आहे. जमील जालिबी यांनी ते संपादून १९७३ मध्ये कराचीहून प्रसिद्ध केले. उर्दू वाङ्मयाच्या इतिहासांत तिला पहिल्या पानांत स्थान मिळते. मराठी अभ्यासकांच्या चर्चेत मात्र ती क्वचितच येते. वस्तुतः तिची शब्दकळा पाहून मराठी वाचकाला घरी आल्यासारखे वाटावे. कवी ईश्वराला ‘गुसाईं’ म्हणून हाक मारतो. लीळाचरित्रातील ‘गोसावी’ ज्याच्या कानात आहे त्याला या हाकेचा अर्थ सांगावा लागत नाही.

कथा अशी. कदमराव हा राजा. पदमराव हा त्याचा प्रधान, पण तो नाग आहे. राजाला योग्यांच्या विद्येची ओढ लागते आणि अखरनाथ नावाचा एक जोगी दरबारी येतो. तो राजाला धनुर्बेद शिकवतो आणि अमरबेदही. या दुसऱ्या विद्येच्या बळावर राजा आपला प्राण एका पोपटाच्या देहात घालतो, आणि रिकाम्या झालेल्या राजदेहात जोगी शिरून सिंहासनावर बसतो. अखेर पदमराव त्या देहाला दंश करून जोग्याचा काटा काढतो व राजा स्वतःच्या कुडीत परत येतो.

आता शब्दांकडे वळू. धनुर्वेद ही प्राचीन व प्रसिद्ध विद्या. अमरवेद मात्र आपल्या वेद-उपवेदांच्या यादीत कोठे नाही. माझ्या मते तो धनुर्वेदाच्या साच्यात ओतून घडवलेला शब्द आहे : एक खरा वेद, आणि त्याच्या शेजारी, जणू तितकाच खरा भासणारा, दुसरा कल्पित वेद. अद्‌भुतकथा रचणारे सर्व देशांत हीच युक्ती करतात. ‘अखर’ हे ‘अक्षर’ याचेच रूप धरले, तर जोग्याच्या नावातही न झिजणे आहे आणि विद्येच्या नावातही न मरणे आहे. असा हा दुहेरी अमर पुरुष एका सर्पदंशाने मरतो! कवीला ही थट्टा अभिप्रेत नसेल असे मला वाटत नाही.

मराठी भाषांतरकाराचा पहिला मोह ‘अमरबेद’ खोडून ‘परकायाप्रवेश’ लिहिण्याचा असेल. शंकराचार्यांच्या आणि मच्छिंद्रनाथांच्या कथांमुळे हा शब्द आपल्या घरोघरी पोचला आहे. पण तो पारिभाषिक आहे. तो येताच कवीचा कल्पित वेद नाहीसा होतो आणि धनुर्बेदाची जोडी फुटते. दुसरा मोह अधिक सभ्य, म्हणूनच अधिक धोक्याचा. तो शुद्धीकरणाचा. अखरनाथाचा अक्षरनाथ करावा, पदमरावाचा पद्मराव, कदमरावाचा कदंबराव. शिवकालात रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोशा’त फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, ते राज्यकारभाराच्या गरजेपोटी. कथेला तशी गरज नाही. येथे तर शब्द मुळातच देशी आहेत; त्यांना पुन्हा संस्कृताची दीक्षा देणे म्हणजे बीदरच्या कवीने घडवलेले मोडून त्या जागी आपले ठेवणे होय.

हे केवळ आवडीनिवडीचे म्हणणे नव्हे. त्याला छंदाचा पुरावा आहे. ही मसनवी मुतकारिब या फार्सी वृत्तात आहे. माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचने’च्या वाचकांस हे ठाऊकच असेल की त्या वृत्ताचा ‘फऊलुन्’ हा घटक म्हणजे आपला यगण : एक लघु, दोन गुरू. चार पूर्ण यगण झाले की भुजंगप्रयात होते; मसनवीत शेवटचा घटक खुडलेला असतो एवढाच भेद. (नागाच्या कथेला भुजंगाची चाल लाभावी हा योगायोग, पण गोड योगायोग.) आता कवीची नावे बोलीच्या उच्चारानुसार मोजून पाहावीत. क-दम-रा-व. प-दम-रा-व. अ-खर-ना-थ. अ-मर-बे-द. ध-नुर्-बे-द. पाचही नावे एकाच मापाची : यगण आणि पुढे एक लघु. उलट ‘अक्षरनाथ’ गुरूने सुरू होतो, ‘पद्मराव’ही तसाच, ‘कदंबराव’ तिसऱ्या अक्षरावर अडखळतो, आणि ‘परकायाप्रवेश’ कोणत्याही मोजणीने त्या चालीत बसत नाही. म्हणजे ज्या रूपांना आपण भ्रष्ट म्हणू तीच कवीच्या कारागिरीची रूपे आहेत.

आणखी एक गोष्ट. फार्सी लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. रूढ शब्द अडला तर कोश पाहता येतो. घडवलेला शब्द अडला तर वाचणाऱ्याला छंदच वाट दाखवतो. छंद मोडणारी शुद्धी करणारा भाषांतरकार ही एकमेव वाट बुजवतो. या प्रदेशात हा विवेक नवा नाही. कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट, येथील अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबाराशी निगडित ‘कविराजमार्ग’ हा नवव्या शतकातील ग्रंथ संस्कृत व कन्नड शब्दांचे विजोड समास करणाऱ्या कवींना दोष देतो. शब्द कोणत्या घरचा आणि कोणाशेजारी बसला आहे, हे पाहण्याची सवय येथे निजामीपूर्वी सुमारे सहाशे वर्षे होती.

टोल्किन यांचा नियम बीदरला अपुरा पडतो तो येथे. ‘अमरबेद’ हा कल्पित आहे, म्हणून तसाच ठेवावा. आणि तो देशी शब्दांतून घडला आहे, म्हणून त्याचा अर्थ आणावा. दोन्ही कलमे एकाच शब्दाला लागू होतात. माझा कौल ‘अमरबेद’ तसाच ठेवण्याकडे आहे, कारण त्याचा अर्थ मराठी वाचकास आपोआप कळतो. मात्र मग ‘धनुर्बेद’ही तसाच ठेवला पाहिजे, नाहीतर एक वेद शुद्ध आणि दुसरा अशुद्ध अशी कवीच्या मनात नसलेली उतरंड तयार होईल. ‘अखरनाथ’ ऐकून कोणाला ‘अखेर’ आठवेल, तर आठवो. एका ओळीच्या टीपेने ते निभावेल.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखात आले. भालकी, हुमनाबाद कर्नाटकात राहिले. ज्या वर्गांत मराठी, कन्नड आणि उर्दू घरांतली मुले एका बाकावर बसतात तेथे ही कथा मराठीत सांगायची, तर उर्दू घरातील मुलाला आपला कदमराव ओळखू आला पाहिजे. पद्यात सांगायची झाल्यास भुजंगप्रयात हाताशी आहेच. फक्त आपल्या गणवृत्ताच्या हिशेबात ‘कदम’ ही तीन लघू अक्षरे होतात आणि नाव बसत नाही. तेव्हा शाहीर उच्चारतो तसे सरळ ‘कदम्राव’, ‘अमर्बेद’ लिहावे. शुद्धलेखनाचे पंडित हरकत घेतील. त्यांना ओळ मोठ्याने म्हणून दाखवावी.