माठातला संबळ

आमच्या तुळजापूरच्या घरात दोन माठ होते. त्यांत कधी पाणी भरले गेले नाही. प्रत्येकाच्या तोंडावर एकेक सहा इंची स्पीकर चिंधी आणि सरस लावून घट्ट बसवलेला होता. माठाच्या पोटाला बारीक भोक पाडून त्यातून वायर काढलेली होती. अब्बांचे रेडिओ आणि टेप दुरुस्तीचे दुकान होते. गिऱ्हाइकांच्या टाकून दिलेल्या सामानातून त्यांनी ही जोडी तयार केली होती. पाहुणे आधी हसायचे आणि गाणे सुरू झाले की गप्प व्हायचे.

घरच्या आवाजाचा शौक म्हटले की मुंबई-पुण्याचे दिवाणखाने, परदेशी अ‍ॅम्प्लिफायर आणि लाखांचे आकडे डोळ्यांपुढे येतात. तालुक्याच्या गावातला शौकीन या इतिहासात सहसा सापडत नाही. खरे तर चांगल्या आवाजाची ओढ आमच्या भागात विजेच्या कितीतरी आधीपासून आहे.

मोतीखान आणि मिरजेचा भोपळा

तुळजापूर तालुक्यातच नळदुर्गचा किल्ला आहे. तिथला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. १५८० ते १६२७ या काळात विजापूरच्या गादीवर असलेला हा सुलतान संगीताचा वेडा होता. त्याच्या दकनी भाषेतल्या ‘किताब-ए-नवरस’मध्ये सरस्वतीची आणि गणपतीची स्तुती आहे, तशीच हजरत गेसूदराज यांचीही आहे. आपल्या लाडक्या तंबोऱ्याला त्याने ‘मोतीखान’ असे नाव दिले होते. वाद्याला माणसासारखे नाव देणारा हा राजा मला आमच्या शौकाचा पूर्वज वाटतो.

पुढे तंबोऱ्याची कारागिरी मिरजेत रुजली. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातले फरीदसाहेब सतारी आणि तंबोरे बनवू लागले. त्यांचे वंशज आजही हेच काम करतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूरच्या परिसरातले मोठे कडू भोपळे वाळवून त्यांचा तुंबा करतात. त्या पोकळ पोटात तारेचा नाद घुमतो. शेवटी कारागीर घोडी घासतो, तारेखाली सुती दोरा सरकवतो आणि जवारी लावतो. दोरा केसभर इकडे-तिकडे झाला तरी नाद मिटतो. तो नेमका कुठे थांबवायचा हे कोणतेही मोजमाप सांगत नाही, कानच सांगतो.

कर्ण्यापासून मायक्रोफोनपर्यंत

ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तेव्हा गवयाला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गावे लागे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. हळुवार सुरांना आणि तंबोऱ्याच्या नादाला त्यात फारशी जागा नव्हती. १९२५ नंतर मायक्रोफोन आला आणि गाण्याला ओरडण्यापासून सुटका मिळाली.

हा फरक एकाच माणसाच्या आवाजात ऐकता येतो. मिरजेत स्थायिक झालेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी १९०५ मध्ये कर्ण्यापुढे गाऊन तबकड्या केल्या आणि १९३० च्या दशकात मायक्रोफोनपुढे. नंतरच्या तबकड्यांत त्यांचा नाजूक, लांबवलेला सूर आजही अंगावर येतो. १९३७ मध्ये खाँसाहेब गेले. तंत्र सुधारायला आणखी दहा वर्षे लागली असती तर त्या सुराची आपल्याला कल्पनाच करता आली नसती.

आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. वीज नव्हती, रेडिओ मोजक्या घरांत बॅटरीवर चाले. पोलीस कारवाईनंतरही बराच काळ रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन्स काढावे लागे. १९५२ पासून बिनाका गीतमाला ऐकण्यासाठी लोक रेडिओ सिलोन लावत. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. मग छपरावर तांब्याची तार ताणायची, तिची दिशा बदलून बघायची. शौकाची सुरुवात अशी छपरावरून झाली.

माठ का वाजतो?

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली. आपल्याकडे १९८० च्या दशकात ती घराघरांत पोचली. टेप स्वस्त होते, पण त्यांचा आवाज पत्र्याचा. यावर उपाय म्हणून अनेक गावांत लोकांनी स्पीकर माठात बसवले.

यामागे शास्त्र आहे. स्पीकरचा कागदी पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती ओढत असतो. उघड्या स्पीकरमध्ये पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. खर्जाचे सूर सर्वांत आधी जातात. मागची बाजू बंद केली की खर्ज परत येतो. आकारही महत्त्वाचा असतो. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीचे हॅरी ओल्सन यांनी तोच स्पीकर निरनिराळ्या आकारांत बसवून मोजमाप केले आणि ते १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. सर्वांत एकसारखा आवाज गोल आकारातून आला, कारण गोलाला आवाज अडखळवणाऱ्या कडा नसतात. आमच्या कुंभाराने ओल्सन वाचला नव्हता. भोपळ्याचे पोट आणि माठाचे पोट एकाच कामाचे, एवढे मात्र या भागाला ठाऊक होते.

मामांची कॅसेट

एका नवरात्रात एक वयस्कर गोंधळी दुकानात आले. अब्बा त्यांना मामा म्हणत. त्यांच्याकडे एक जुनी कॅसेट होती. त्यांच्या वडिलांचा गोंधळ कुणीतरी साध्या टेपवर भरून घेतलेला. वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती. कॅसेटमधून नुसती खरखर आणि तुणतुण्याची किणकिण येत होती.

“भाई, यात संबळ हाय. पर ऐकूच येत न्हाई.”

“मामा, बसा जरा,” अब्बा म्हणाले.

त्यांनी स्पिरिट आणि कापसाने टेपचे हेड पुसले. मग बारीक पेचकस घेऊन हेडशेजारचा स्क्रू हळूहळू फिरवू लागले. ज्या टेपवर कॅसेट भरली गेली तिचे हेड किंचित तिरके असेल, तर ऐकवणारे हेडही तेवढेच तिरके करावे लागते. तो कोन कुठे लिहिलेला नसतो. झांज स्वच्छ झाली तसे अब्बा थांबले. त्यांनी वायर काढून माठांना जोडली.

संबळाची दोन भांडी असतात, एक चढ्या आवाजाचे आणि एक खर्जाचे. तोवर पुसटसे एकच वाजत होते. आता दुसरेही बोलू लागले. मामा बराच वेळ जमिनीकडे पाहत बसले. मग म्हणाले, “हा त्यांचाच हात.”

मोठा आवाज, चांगला आवाज

आज मिरवणुकांत डीजेच्या भिंती उभ्या राहतात. खिडक्यांची तावदाने थरथरतात, म्हातारी माणसे आणि लेकरे कान दाबून बसतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती कोणत्याही धर्माच्या मिरवणुकीत पाळली जाताना मी क्वचितच पाहिली. भोंग्यांवरून भांडणाऱ्यांना मला एवढेच सांगायचे आहे की आवाज मोठा करायला पैसा लागतो, पण चांगला करायला आधी स्वतः गप्प बसून ऐकावे लागते. अब्बांच्या दुकानात मामांसाठी तेच झाले होते.

तुमच्या घरी आजोबांचे कीर्तन, आजीच्या ओव्या, एखादी कव्वाली किंवा गोंधळ भरलेली जुनी कॅसेट पडून असेल तर टाकू नका. खरखर ऐकून तिच्यात काही उरले नाही असे ठरवू नका.

अब्बा आता नाहीत. एक माठ तडकला, दुसरा अजून वाजतो. गेल्या नवरात्रात मामांचा नातू तीच कॅसेट घेऊन आला होता, मोबाईलमध्ये उतरवून घ्यायला. उतरवण्याआधी हेडचा स्क्रू मी फिरवला. झांज स्वच्छ होईपर्यंत थोडा वेळ लागला, तोवर तो शांत बसून होता.