किरणोपचार आणि पेशीमृत्यूची कल्पना

उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूर येथून तोंडाच्या कर्करोगाचा रोगी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात किरणोपचारासाठी जातो, तेव्हा त्यास सामान्यतः आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे, दर खेपेस सुमारे 2 ग्रे इतकी मात्रा घ्यावी लागते. प्रारंभी गाठ पुष्कळदा फारशी ओसरत नाही. उलट तोंडाचे आतील अस्तर सोलवटून निघते. रोजचा लोकलचा प्रवास आणि हा दाह सोसून रोग हटत नाही असे वाटले, की उपचार अर्धवट सोडण्याचा मोह होतो. किरण लागताच पेशी मरावी, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे.

हे रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले. कल्याण छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले ते त्यानंतर, 1949 मध्ये. लेडी मेहरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या, त्यातून हा संकल्प निघाला. डॉ. व. रा. खानोलकर यांनी येथील विकृतिशास्त्राचा पाया घातला. 1962 मध्ये संस्था अणुशक्ती खात्याकडे आली. खानोलकरांच्या पिढीस सूक्ष्मदर्शकाखाली मृत पेशी दिसत होत्या. परंतु पेशी स्वतःच्या मरणाची व्यवस्था स्वतःच करते, ही कल्पना तेव्हा रूढ झालेली नव्हती.

वस्तुतः किरणजीवशास्त्राने 'मृत्यू' हा शब्दच निराळ्या अर्थाने वापरला. 1906 मध्ये बेर्गोनिए व त्रिबोंदो यांनी त्वरेने विभागणाऱ्या पेशी किरणांस अधिक बळी पडतात असे प्रतिपादिले. 1956 मध्ये पक व मार्कस यांनी मानवी कर्कपेशींवर प्रयोग करून दाखविले, की सुमारे 100 राँटजेन एवढ्या अल्प मात्रेनेही पेशीची वसाहत निर्माण करण्याची शक्ती नष्ट होऊ शकते. अशा कित्येक पेशी मरत नाहीत, फुगून राक्षसी आकाराच्या होतात; तथापि वंश चालविण्याच्या दृष्टीने त्या मृतच होत.

1972 मध्ये कर, वायली व करी यांनी आक्रसून, तुकडे होऊन शांतपणे नाहीशा होणाऱ्या पेशींच्या मृत्यूस ग्रीक भाषेतील पानगळीचा शब्द योजला : अपोप्टोसिस. त्याचा किरणांशी संबंध 1993 मध्ये स्पष्ट झाला. पी-53 हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या थायमसमधील पेशी किरणांनी मरेनात. स्टेरॉइडने मात्र पूर्ववत मरत. म्हणजे मरणाची यंत्रणा शाबूत होती. डीएनए तुटल्याची वर्दी तिच्यापर्यंत पोहोचत नव्हती. निरोगी लसिकापेशीत ही वर्दी पोहोचून तंतुकणिकांतून सायटोक्रोम-सी बाहेर पडते, कॅस्पेस विकरे जागृत होतात आणि काही तासांतच पेशी संपते.

यावरून त्या दशकात पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला, की पी-53 बिघडलेला कर्करोग किरणांस दाद देणार नाही. प्रस्तुत लेखकास हा निष्कर्ष उतावीळ वाटतो. लसिकापेशींचा न्याय त्यांनी सर्व ऊतींस लावला. तंबाखूजन्य मुखकर्करोगात पी-53 वारंवार बिघडलेले आढळते, तरी त्यांपैकी अनेक किरणांनी बरे होतात. तेथे पेशी आज्ञेने मरत नाही. तुटक्या गुणसूत्रांनिशी विभागू पाहते, एखाददुसरे विभाजन पारही पाडते आणि मग पुढच्या खेपेस कोसळते. यास दिवस लागतात, कधी आठवडे. म्हणूनच शेवटची मात्रा घेऊन रोगी बदलापुरास परतल्यावरही त्याची गाठ काही काळ ओसरतच राहते.