कढईतली मेंदी आणि पाकिटातली 'काळी मेंदी'

मागच्या मे महिन्यात अकोल्याला घरी गेलो, तर आईच्या कपाळापासून कानामागपर्यंत लाल पुरळ. कारण? झटपट केस काळे करणारी 'काळी मेंदी'. आजीचा एकच सवाल, "हिरव्या पाल्यानं केस काये होतेत का रे बाप्पा?"

नाहीच होत! मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या केराटिनला धरून बसतं, म्हणून केस जाड अन् दणकट लागतो. रंग मात्र तांबडाच. मग आजीचे केस गडद कसे? ती मेंदी लोखंडी कढईत भिजवते, रात्रभर, चहाचं पाणी आणि आवळा पावडर घालून. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळपट रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे, तीच ही केमिस्ट्री. आवळा, हिरडा दोन्ही आपल्या मेळघाटातले, बरं का.

पाकिटातल्या काळ्या रंगाचा इतिहास वेगळाच. त्यात बहुतेकदा पीपीडी नावाचं रसायन असतं. १८८३ मध्ये फ्रान्समध्ये केस रंगवायला त्याचं पेटंट निघालं. मेंदीशी त्याचं काही नातं नाही, पण अनेकांना त्याची ॲलर्जी होते. पाकिटामागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं सगळं. आम्ही ॲपमध्ये टर्म्स अँड कंडिशन्स टाकतो, तसंच, वाचतं कोण?

परवा आईनं व्हिडिओ कॉलवर कढई दाखवली. केस अजून लालसरच दिसतात, म्हणाली, पण खाज नाही.