वनस्पती तेलाधारित पॉलियुरेथेन फोम

ज्या पॉलियुरेथेन फोममधील पॉलिऑल हा घटक अंशतः किंवा पूर्णतः बियांच्या तेलापासून मिळवलेला असतो, तो फोम. गाद्या, वाहनांच्या बैठका आणि फ्रीजच्या भिंतींतील उष्णतारोधक थर यांसाठी तो वापरता येतो.

निर्मिती : पॉलियुरेथेनचे रसायन ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत विकसित केले. पॉलिऑल आणि आयसोसायनेट यांच्या संयोगातून पॉलियुरेथेन तयार होते. मिश्रणात पाणी असल्यास त्याची आयसोसायनेटशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो व फोम फुगतो. पॉलिऑल एरवी खनिज तेलातून मिळते.

तेलांची निवड : तेल आयसोसायनेटशी जोडले जाण्यासाठी त्यात हायड्रॉक्सिल गट लागतात. एरंडेलात ते उपजतच असतात, कारण त्याच्या मेदाम्लांपैकी सुमारे ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असते. मुंबईची जयंत ॲग्रो-ऑरगॅनिक्स आणि जपानच्या मित्सुई केमिकल्स व इतो ऑइल केमिकल्स यांच्या भागीदारीतील विठ्ठल कॅस्टर पॉलिऑल्स ही कंपनी एरंडेलापासून पॉलिऑल बनवते.

भुईमूग व सोयाबीनच्या तेलांत मात्र असे हायड्रॉक्सिल गट नसतात. त्यांतील दुहेरी बंधांवर हायड्रोजन पेरॉक्साइड व फॉर्मिक किंवा ॲसिटिक आम्ल यांची प्रक्रिया करून इपॉक्साइड बनवतात. नंतर मिथेनॉल किंवा ग्लायकॉलने इपॉक्साइडचे वलय उघडले की हायड्रॉक्सिल गट मिळतात. सोयातेलाच्या एका रेणूत सरासरी सुमारे साडेचार दुहेरी बंध असतात; भुईमुगाच्या तेलात ते कमी असल्याने गटही कमी बसतात. फोर्डने २००८ च्या मस्टँग मोटारीच्या बैठकांत सोया-फोम वापरला.

गुणधर्म : तेलाच्या लांब कर्बसाखळ्या पाण्याला दूर ठेवतात. मात्र साखळीची मोकळी टोके जाळ्यात सैल राहून फोम मऊ करतात. तेलातील हायड्रॉक्सिल गट बहुधा द्वितीयक असल्याने अभिक्रिया मंदावते. त्यामुळे उत्प्रेरकाचे प्रमाण नव्याने ठरवावे लागते. लवचिक फोममध्ये म्हणून बहुधा खनिज पॉलिऑलचा काही हिस्साच बदलतात.

मर्यादा : आयसोसायनेट अजूनही मुख्यतः खनिज तेलातूनच येते आणि निव्वळ बियांचे तेल वापरल्याने फोम कुजणारा होत नाही. भारत खाद्यतेलाची मोठी आयात करतो. म्हणून शेंगदाणा व सोयातेलापेक्षा एरंडेल आणि करंजाचे तेल ही अखाद्य तेले येथे अधिक सयुक्तिक ठरतात. करंजतेलात ओलेइक आम्ल मुबलक असल्याने तेही इपॉक्साइडच्या मार्गाने वापरता येते.