आंत्रजीवाणू

मनुष्याच्या पचनमार्गात, विशेषतः मोठ्या आतड्यात, कायमची वस्ती करून राहणारे जीवाणू. जठरातील आम्लामुळे तेथे त्यांची संख्या अत्यल्प असते. लहान आतड्यात खाली जावे तशी ती वाढत जाते आणि सर्वाधिक दाटी मोठ्या आतड्यात होते. प्रौढ शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असावेत व त्यांचे एकूण वजन २०० ग्रॅमच्या आसपास भरावे, असा अंदाज सेंडर, फुक्स व मिलो यांनी २०१६ मध्ये मांडला. शरीरातील पेशींची संख्याही याच्या जवळपास जाते. त्यामुळे पेशींच्या दहापट जीवाणू असतात, हे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापले गेलेले विधान आता गाळावे.

इतिहास : लेव्हेनहूक यांनी १६८१ मध्ये स्वतःची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तीतील हालते जीव नोंदवले. टेओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञांनी १८८५ मध्ये अर्भकांच्या विष्ठेतून एक जीवाणू वेगळा केला. त्यालाच पुढे एशेरिकिया कोलाय हे नाव मिळाले. हा जीवाणू प्रयोगशाळेत सहज वाढतो, म्हणून दीर्घकाळ आतड्यांचा अभ्यास त्याच्याभोवतीच फिरला; प्रत्यक्षात निरोगी प्रौढाच्या आतड्यात त्याचा वाटा अगदी किरकोळ असतो. बहुसंख्य जीवाणूंना ऑक्सिजन सोसत नाही. गुरांच्या पोटातील जीवाणूंसाठी रॉबर्ट हंगेट यांनी बंद नळ्यांचे तंत्र सिद्ध केल्यावर अशा जीवाणूंची पैदास करणे शक्य झाले. पुढे जनुकक्रम वाचण्याच्या पद्धतींनी पैदाशीची अटच काढून टाकली. मेच्निकॉफ यांचा दही व दीर्घायुष्याविषयीचा सिद्धांत फार गाजला; तो सिद्ध झाला नाही.

कार्ये : आपल्या पाचकरसांना न पचणारे तंतुमय पदार्थ आंबवून हे जीवाणू ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींना लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग ब्युटिरिक आम्लातून येतो. के जीवनसत्त्व व काही ब गटातील जीवनसत्त्वेही जीवाणू बनवतात. रोगजंतूंना जागा न मिळू देणे आणि बालवयात प्रतिकारशक्तीला वळण लावणे, ही त्यांची आणखी दोन कामे. काही औषधांचे भवितव्यही तेच ठरवतात : सल्फासालाझीन त्यांनी तोडल्यावरच कामी येते, तर डिगॉक्सिन हे हृदयविकारावरील औषध काही रुग्णांत एगर्थेला लेंटा हा जीवाणू निकामी करतो.

बाल्यावस्था : या विषयातील सर्वांत महत्त्वाचे काम बालकांवर झाले आहे आणि त्याचा मोठा भाग आपल्या उपखंडातला आहे. आईच्या दुधात दुग्धशर्करा व स्निग्धांश यांच्या खालोखाल अशा संयुक्त शर्करा असतात, ज्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियम गटाचे अन्न आहेत. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री टिसिए यांनी हा गट स्तनपान करणाऱ्या बाळांत १९०० च्या सुमारास ओळखला होता. प्रसूतीचा प्रकार, प्रतिजैविके व वरचे दूध यांनी ही पहिली वस्ती बदलते.

ओडिशाच्या खेड्यांत पिनाकी पाणिग्रही व सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बालकांवर चाचणी केली (२०१७). निम्म्या बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक वाण व त्याचे शर्करारूपी अन्न सात दिवस तोंडावाटे दिले. जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण औषध न मिळालेल्या गटात ९ टक्के, तर या गटात ५.४ टक्के राहिले. बाळे पुऱ्या किंवा जवळपास पुऱ्या दिवसांची व किमान दोन किलो वजनाची होती; अपुऱ्या दिवसांच्या बाळांना किंवा दुसऱ्या वाणाला हा निष्कर्ष परस्पर लावता येत नाही. तरीही इतक्या स्वस्त उपायाने इतका फरक पडावा, ही गोष्ट सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

कुपोषित मुलांचा आंत्रजीवाणू-समूह वयाच्या मानाने अपक्व राहतो, हे ढाक्यात दिसून आले. तेथील मीरपूर वस्तीत जेफ्री गॉर्डन व तहमीद अहमद यांच्या गटाने हरभऱ्याचे, शेंगदाण्याचे व सोयाबीनचे पीठ आणि कच्चे केळे यांचा पूरक आहार १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना तीन महिने दिला (२०२१). तांदूळ व मसुरीच्या प्रचलित आहारापेक्षा त्यात उष्मांक कमी होते, तरी वजनवाढ अधिक झाली. घटक सगळे बाजारात मिळणारे आहेत. अंगणवाडीच्या आहाराचा विचार करणाऱ्यांनी हे काम मुळातून वाचावे.

आहार : ज्वारी, बाजरी, डाळी, उसळी व भाज्या यांतील चोथा जीवाणूंना पोसतो. शिजवून गार केलेल्या भातात न पचणारा स्टार्च वाढतो. धान्य-कडधान्यांवर राहणाऱ्या लोकांत प्रिव्होटेला गटाचे प्राबल्य आढळते. भोपाळ परिसरातील नमुन्यांतही ते दिसले. दही-ताकातील जीवाणू बहुधा आतड्यात मुक्कामाला राहत नाहीत, वाटेने जातात. इडलीचे वाफवताना मरतात.

विकार : क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जीवाणूमुळे प्रतिजैविकांनंतर उद्भवणाऱ्या अतिसारावर निरोगी व्यक्तीची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपाय १९५८ मध्ये आइझमन यांनी केला. २०१३ च्या डच चाचणीत पहिल्याच मात्रेने १६ पैकी १३ रुग्ण बरे झाले. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक दिलेल्या गटात १३ पैकी ४. नीट न तपासलेल्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा जीवाणू गेल्याने अमेरिकेत एक मृत्यूही झाला आहे. लठ्ठपणा, मधुमेह, नैराश्य व स्वमग्नता यांच्याशी संबंध सांगितला जातो. कारण कोणते व परिणाम कोणता, याचा निवाडा बाकी आहे.

भारतातील नियमन : भारतीय वैद्यक संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रोबायोटिक (जिवंत, उपयुक्त जीवाणू असलेल्या) खाद्याच्या वेष्टनावर जीवाणूचा वाण व मुदत संपेपर्यंत जिवंत राहणारी किमान संख्या देणे अपेक्षित आहे.

इतर प्राणी : रवंथ करणाऱ्या जनावरांत सेल्युलोजचे विघटन सूक्ष्मजीवच करतात.